बिंबाणू पटल ग्लायकोप्रथिने
रक्तातील बिंबाणूंच्या बाह्य पटलात रुतलेली शर्करायुक्त ग्राही प्रथिने. ती अस्थिमज्जेतील मेगाकॅरिओसाइट कोशिकांत तयार होतात.

रक्तवाहिनीचे अस्तर फाटले की उघड्या पडलेल्या कोलॅजेनला फॉन व्हिलेब्रांट घटक हे रक्तातील प्रथिन चिकटते. वेगाने वाहणाऱ्या रक्तातील बिंबाणू ग्लायकोप्रथिन (जीपी) १बी-९-५ या संकुलाद्वारे त्याला धरतात. ही पकड क्षणिक असते. बिंबाणूंचा वेग मंदावतो, पण ते जागी थांबत नाहीत. त्यानंतर बिंबाणूवरील जीपी ६ कोलॅजेनशी जुळून कोशिकेत संदेश पोहोचवते, कॅल्शियमची पातळी वाढते आणि त्यामुळे जीपी २बी/३ए ची घडण पालटते. एका बिंबाणूवर हिच्या सुमारे ८०,००० प्रती असतात. पालटलेल्या रूपात ती फायब्रिनोजेन हे रक्तातील प्रथिन बांधते. त्याचा एकेक रेणू दोन बिंबाणूंना जोडतो व गुठळीचा पहिला बोळा तयार होतो (पहा : रक्तक्लथन).

या प्रथिनांचे कार्य उलगडले ते मुख्यतः दोन दुर्मीळ आनुवंशिक विकारांमुळे. ग्लान्झमान विकारात (१९१८) जीपी २बी/३ए, तर बेर्नार-सुलिए विकारात (१९४८) जीपी १बी-९-५ सदोष किंवा अनुपस्थित असते. दोन्हींत नाक, हिरड्या व त्वचेतून रक्तस्राव होतो (पहा : रक्तस्रावी विकार). जीपी २बी/३ए ला अडवणारे ॲब्सिक्सिमॅब हे प्रतिपिंड १९९४ पासून हृद्‌रोहिणीतील फुग्याच्या शस्त्रक्रियेत वापरात आले (पहा : हृद्‌रोहिणी विकार).