घारापुरीचा रविवार

मोऱ्याच्या धक्क्यावरून घारापुरीची लाँच मी पहिल्यांदा धरली ती सातव्या वर्षी, वडिलांबरोबर. लोक जिला त्रिमूर्ती म्हणतात तो खरा सदाशिव, हे त्यांनीच सांगितलं. लेण्यातला शिलालेख पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालला पाठवला आणि तो तिथे हरवला, हेही सांगितलं. तेव्हापासून हे लेणं मला मुकं वाटायचं.

ऑक्टाव्हियो पाझ भेटला फार पुढे, कॉलेजात मराठी शिकवू लागल्यावर. मेक्सिकोचा हा कवी १९५१ साली वकिलातीतल्या नोकरीसाठी बोटीने मुंबईत उतरला, तेव्हाच त्याने घारापुरी पाहिली. १९६२ मध्ये तो राजदूत होऊन परत आला. दिल्लीत कडुनिंबाखाली त्याचं लग्न लागलं. २ ऑक्टोबर १९६८ ला मेक्सिको सिटीतल्या त्लातेलोल्कोच्या चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर सरकारने गोळ्या झाडल्या; ऑलिंपिक दहा दिवसांवर होतं. पाझने राजदूतपद सोडलं. देश सोडण्याआधी नवराबायको मुंबईत आली आणि एका रविवारी पुन्हा घारापुरीला गेली.

त्या रविवारची कविता आहे. सुरुवातीला संताप, मूर्तींच्या पायाशी सहलकरांनी टाकलेल्या कचऱ्याचा. मग शिवपार्वतीची प्रार्थना. पद सोडलेल्या या माणसाने परलोकातलं काहीच मागितलं नाही. मागितला तो समोरचा उजेड, आमच्या खाडीवरचा.

पुढे १९८१चा सर्व्हान्तेस पुरस्कार पाझला मिळाला. स्पॅनिश साहित्यातला हा सर्वोच्च मान स्पेनने १९७५ मध्ये सुरू केला आणि तो लेखक सर्व्हान्तेसच्या पुण्यतिथीला, २३ एप्रिलला, त्याच्या जन्मगावी राजाच्या हस्ते दिला जातो. मला या पुरस्कारातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. लेखक कुठल्या देशाचा हे गौण, त्याची भाषा स्पॅनिश हवी. ज्या देशावर स्पेनने तीनशे वर्षं राज्य केलं, तिथल्या कवीला स्पेनचा राजा वडीलकीचा मान देतो. बेळगाव, बडोदा, तंजावर, मॉरिशस इथल्या मराठीला आपण असं जवळ केलं पाहिजे.

घारापुरीचं एक अक्षर समुद्रापार गेलं ते परत आलं नाही. दुसरं तरी आणूया. बेटावरच्या शेतबंदरच्या पायऱ्यांशी पाझच्या त्या कवितेचा मराठी अनुवाद दगडात कोरून लावावा, ही ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व खात्याला माझी कळकळीची विनंती आहे. कचऱ्याच्या ओळी गाळू नयेत.