एक जून, एक जानेवारी आणि संक्रांत : बीडमधल्या वाढदिवसाचा थोडा इतिहास

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात अडकलो होतो आणि तिथून मला बाहेर काढलं ते माझ्या भाचीच्या वाढदिवसानं. म्हणून आज त्याबद्दलच.

मागच्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. "दादा, पोरीचा वाढदिवस कव्हा करायचा?"

प्रश्न साधा वाटतो. भाची संक्रांतीला पाच वर्षांची होणार. कुणाच्या तरी मोबाईलवर तिनं बाहुलीचा केक पाहिलाय आणि तसाच केक पाहिजे म्हणून हट्ट धरलाय. पण बहीण आणि दाजी ऊसतोडीला जातात. आमचं गाव धारूर तालुक्यातलं. दिवाळी झाली की टोळी निघते, ती थेट मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावर परत येते. म्हणजे १४ जानेवारीला पोरगी सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या तळावर, कोपीत असणार. पहाटे आई-बाप फडात. तिथं कुठला केक आणि कुठले फुगे?

आई म्हणाली, जायच्या आधीच करून टाकू. आजी लगेच म्हणाली, "दिवस भरायच्या आधी वाढदिवस करत नसतेत, बाबा." दाजींचं म्हणणं, परत आल्यावर चैत्रात करू, हातात पैसेही असतील. तिघांच्या तीन तारखा.

आणि इथंच माझा पीएचडीचा विषय येतो. मराठवाड्यातल्या गावांत माणसाला जन्मतारीख कधी आणि कशी मिळाली, हे मी शोधतोय. "यात काय संशोधन?" असं सगळेच विचारतात. तर ऐका.

तारखेशिवायचे सोहळे

आपल्याकडे लेकराचं कौतुक पूर्वी होत नव्हतं असं मुळीच नाही. पाचवी, सटवी, बारसं, उष्टावण, जावळ अशी रांगच असते. जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात, म्हणून मला ते चांगलं लक्षात आहे. पण नीट बघा. यातले सोहळे जन्मापासून दिवस किंवा महिने मोजून होतात. पाचवा दिवस, सहावी रात्र, बारावा दिवस. बोटांवर मोजता येतं. वर्ष कुठलं, तारीख कुठली, याची गरजच पडत नाही.

दुसरा प्रकार सणाला बांधलेला. बोरन्हाण घ्या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करायचं. लहान लेकराला काळे कपडे, हलव्याचे दागिने घालायचे आणि डोक्यावरून बोरं, हरभरे, मुरमुरे, उसाचे करवे ओतायचे. गल्लीतली सगळी पोरं खाली पडलेलं लुटतात. लहान मुलांची याहून चांगली पार्टी मला माहीत नाही. पण ती कुणा एकाच्या तारखेला होत नाही.

वर्षानं येणारा वाढदिवसही होता, पण तो ज्यांच्या घरी पंचांग आणि जन्मपत्रिका होती त्यांचा. तिथीनं औक्षण करायचं, मार्कंडेयाची पूजा करायची, तीळ-गूळ घातलेलं दूध प्यायचं आणि अश्वत्थामा, बळी वगैरे सात चिरंजीवांची नावं घ्यायची. राजेलोकांचं तर विचारूच नका. जहांगीर बादशहाची वाढदिवसाची तुला १६१७ साली मांडूला इंग्रज वकील थॉमस रो यानं स्वतः पाहिली होती. फारसीत वाढदिवसाला सालगिरह म्हणतात, म्हणजे वर्षाची गाठ. दरवर्षी दोऱ्याला एक गाठ मारायची. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात हिशोब ठेवण्याची रीतच सांगितलीय. ज्याच्याकडे दोरा, त्याच्याकडे वय. वाढदिवस करायचा तर आधी कुणीतरी नोंद ठेवायला लागते.

फसली साल आणि कागदांचा शोध

बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दफ्तराची भाषा उर्दू आणि वर्ष फसली. आजूर, दै, बहमन असे फारसी महिने. जुन्या कागदावरचा सन वाचताना साधारण ५९० मिळवायचे. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. आम्ही संशोधक विद्यार्थी हे गणित आता झोपेतही करतो.

पण उर्दू येऊन आणि गणित येऊनही अडचण राहते. जमिनीचे कागद बऱ्यापैकी सापडतात, माणसाच्या जन्माचे कमी. महसूल गोळा करणाऱ्याला शेत कुणाचं हे कळायला हवं होतं. त्या शेतातल्या मजुराचं लेकरू कधी जन्मलं, हे कळून त्याला काय करायचं होतं? २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा हे जुने कागद एकदम सगळ्यांच्या बोलण्यात आले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना कधी नव्हे ती मागणी आली. पणजोबाची एक ओळ सापडावी म्हणून माणसं तहसीलला खेटे घालत होती. कागद नसणं म्हणजे काय, हे त्या वर्षी मराठवाड्याला वेगळं समजावून सांगायची गरज उरली नाही.

हात कानाला लागला की एक जून

मग गावातल्या साध्या माणसाला तारीख दिली कुणी? बहुतेक वेळा गुरुजींनी.

शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. गुरुजी पट भरायला घरोघर फिरायचे. लेकरू सहा वर्षांचं झालं का, हे बघायची एक चाचणी होती : उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. कान हाताला लागला की सहा वर्षं पुरी. मग आजपासून सहा वर्षं मागे जायचं आणि रजिस्टरला लिहायचं, १ जून. झाली जन्मतारीख.

माझ्या अण्णांचीही अशीच. कागदावर १ जून १९७०. घरातली आठवण वेगळी आहे. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची, तेव्हा सुकडी मिळायची आणि अण्णा तिच्या कडेवर होते. जुनी प्रवेश रजिस्टरं चाळताना मी एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो आणि तीच तारीख पुन्हा पुन्हा भेटते. आज फेसबुकवर १ जूनला अर्ध्या गावाचा वाढदिवस असतो, यावर आपण हसतो. सरकारी नोकरीत त्याचाच दुसरा टोक दिसतो : ३१ मे रोजी राज्यात एकाच दिवशी ढिगानं कर्मचारी निवृत्त होतात.

गुरुजींना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांनी तारीख अंदाजानं लिहिली, पण तिच्यामुळे ते पोरगं शाळेत बसलं. युरोप-अमेरिकेतही सामान्य घरांत वाढदिवस पसरला तो एकोणिसाव्या शतकात, वयानुसार वर्ग लावणाऱ्या शाळा आणि सरकारी जन्मनोंदणी यांच्या मागोमाग. इंग्लंडमध्ये ही नोंदणी १८३७ ला सुरू झाली. जगभर गायलं जाणारं वाढदिवसाचं गाणंही बालवाडीतल्या बाईंचंच. अमेरिकेतल्या हिल भगिनींनी १८९३ मध्ये वर्गात 'गुड मॉर्निंग' म्हणण्यासाठी केलेल्या गाण्याची ती चाल. म्हणजे केक घरात येण्याआधी शाळा आणि दप्तर आले होते.

आजीची एक जानेवारी

आजी शाळेत गेलीच नाही, म्हणून तिला १ जूनसुद्धा मिळाला नाही. तिला तारीख दिली ती आधार कार्डानं. आधारची सुरुवात सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून झाली. नोंदणीत ज्यांना फक्त अंदाजे वय सांगता आलं, त्यांची जन्मतारीख त्या वर्षाची १ जानेवारी लागली.

मी आजीचं वय माझ्या पद्धतीनं काढलं. याला आम्ही घटनांचं कॅलेंडर म्हणतो. पोलीस ॲक्शन, बहात्तरचा दुष्काळ, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप अशा खुणा लावायच्या आणि विचारायचं, तव्हा तू केवढी होतीस? आजी म्हणाली, "रझाकाराच्या टायमाला माझ्या मायनं मला पाठीला बांधून रानात लपवलं होतं." म्हणजे जन्म १९४७ च्या आसपास. आधारवर १ जानेवारी १९५०.

तीन वर्षांनी काय बिघडतं? श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन ६५ व्या वर्षापासून मिळतं. आजीला ते कागदाच्या वयानं मिळालं, हाडाच्या वयानं नाही. तीन वर्षं ती पात्र असूनही थांबली आणि त्या तीन वर्षांत ती खुरपायला जातच होती.

जनगणनेतही हे दिसतं. वय माहीत नसलेला माणूस शून्य किंवा पाचवर संपणारा आकडा सांगतो : चाळीस, पंचेचाळीस, साठ. किती लोक असं करतात हे मोजायला विपल निर्देशांक वापरतात. कुणीच गोल आकडा धरला नाही तर १०० आणि सगळ्यांनीच धरला तर ५००. आकडेवारीवाले याला चूक म्हणतात. मला त्यात आजी दिसते.

खरी तारीख आली, पण कुठे?

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. २१ दिवसांत नोंद करायची, उशीर झाला तर शुल्क आणि एक वर्षाच्या वर गेलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. कायदा आला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे नोंद करायला लागले असं नाही. अण्णांची पिढी त्यातून निसटलीच. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, तशी नोंद वाढली.

पण या कायद्याचा एक नियम बीडसाठी फार महत्त्वाचा आहे. नोंद आई-बापाच्या गावात होत नाही, जन्म जिथं झाला तिथं होते. चालत्या वाहनात झाला, तर वाहन पहिल्यांदा जिथं थांबेल तिथं. आता ऊसतोडीचे सहा महिने आठवा. हंगामात जन्मलेल्या लेकराची नोंद सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात. दाखला काढायला पुन्हा तिथंच जायचं, तेही फडातला खाडा करून. कोयत्याचा खाडा झाला की मुकादम उचलीत धरतो.

माझ्या भाचीचं असंच आहे. तिची तारीख अस्सल आहे, आमच्या घरातली पहिलीच. आजीची १ जानेवारी, अण्णांची १ जून आणि हिची १४ जानेवारी, संक्रांत. आईला सण आठवतो आणि कागदालाही तेच आठवतं. पण दाखला पाहिला तर नावाची जागा रिकामी. नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं. नंतर हंगाम संपला, टोळी गावी आली आणि राहून गेलं.

तिला लवकरच पहिलीत घालायचंय. वयाचा पुरावा नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. अंगणवाडीची नोंद किंवा पालकांचं लेखीसुद्धा चालतं. पण घाईगडबडीत पुन्हा कुणीतरी १ जून लिहून टाकेल, ही भीती मला आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना तर शाळेपासून लायसनपर्यंत जन्मतारखेसाठी जन्माचा दाखलाच लागणार आहे. फडात जन्मणाऱ्या पुढच्या लेकरांचं काय होणार, हा प्रश्न माझ्या प्रबंधाच्या बाहेरचा आहे, पण डोक्यातून जात नाही.

आणखी एक आकडा, कारण ती मुलगी आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. २००१ ला हाच आकडा ८९४ होता. त्यामुळे आमच्याकडे कुणी पोरीच्या वाढदिवसाला फ्लेक्स लावला की मी नाक मुरडत नाही. लावू द्या.

तर ठरलं काय?

दोनदा करायचं ठरलं. संक्रांतीला तळावर बोरन्हाण, कारण ते पाच वर्षांपर्यंतच करतात आणि हे शेवटचं. उसाच्या करव्यांना तिथं तोटा नाही. बोरं, तिळगूळ आणि मुरमुरे मी घेऊन जाणार. टोळीतली सगळी पोरं बोलवायची. बहीण त्या दिवशी फडातून थोडी लवकर येईल आणि औक्षण करेल. बाहुलीचा केक चैत्रात गावी, दाजींच्या पैशांनी. आजीची अट पाळली गेली, कारण दोन्ही कार्यक्रम दिवस भरल्यावरच आहेत.

यादीत मात्र पहिलं काम वेगळं आहे. जन्मापासून बारा महिन्यांत नाव घालणं फुकट होतं, आता शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. मी संक्रांतीच्या दोन दिवस आधीच तिकडे जाणार आहे. नोंद जिथं आहे तिथं अर्ज देऊन, नाव घालून दाखला घ्यायचा आणि मग बोरं आणायला बाजारात जायचं.

तुमच्या घरात कुणी एक जूनवाले किंवा एक जानेवारीवाले असतील, तर यावेळी त्यांना एवढंच विचारा : तुमच्या जन्माच्या वेळी गावात काय चाललं होतं? जे सांगतील ते लिहून ठेवा. आणि घरातल्या लहान लेकराचा दाखला एकदा काढून बघा, नावाची जागा भरलेली आहे का.