ठरलेला आकडा आणि उतरलेला भाव



तेजी आणि मंदी हे शब्द मुळात सट्टेबाजारातले. गावात ते क्वचितच ऐकू येतात. शेतकरी म्हणतो, "भाव पडला." गिरणीतला माणूस म्हणत असे, "पाळी बंद झाली." कापूस वेचणारी बाई तर काहीच म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कोणी हाक मारायला येत नाही, एवढ्यावरून तिला कळायचे ते कळते. एकाच घटनेला तीन घरांत तीन नावे असल्यामुळे ती घटना एकच आहे, हे आपल्या लक्षात येत नाही.

मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. कामगारांचे अर्ज आणि दावे लिहिता लिहिता जुनी गॅझेटियरे व चौकशी समित्यांचे अहवाल चाळण्याची सवय लागली, आणि त्या वाचनातून एक गोष्ट मनात पक्की बसली. भाव पडतो तेव्हा सगळेच आकडे पडत नाहीत. कापूस उतरतो, ज्वारी उतरते. पण सरकारचा सारा, सावकाराचे मुद्दल आणि व्याज, खोलीचे भाडे हे आकडे रुपयांत ठरलेले असतात आणि ते जागचे हलत नाहीत. मंदी घरात शिरते ती ह्या दोहोंच्या फटीतून. खानदेशापुरता हा हिशेब आज आपल्यापुढे मांडतो.

पहिला प्रसंग १८६५ सालचा. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली. विलायतेतल्या लँकेशायरच्या गिरण्या तोवर तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेतून आणीत. तो थांबताच त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली आणि मुंबईतला कापसाचा भाव दोन-तीन वर्षांत चौपट-पाचपट झाला. खानदेशातली तापीकाठची काळी जमीन कापसाची; शिवाय मुंबईहून निघालेला लोहमार्ग ह्याच सुमारास चाळीसगाव, जळगाव असे टप्पे घेत भुसावळकडे सरकत होता. धुळे आधीपासूनच जिल्ह्याचे ठाणे होते. कॅप्टन ब्रिग्जने तेथे व्यापारी आणि कारागीर आणून वसविले होते. जळगावला मात्र पेठ म्हणून जन्म दिला तो ह्या कापसाने आणि रेल्वेने. त्या काळी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याच्या कथा कापसाच्या मुलखात सांगत. त्यांतले खरे किती आणि हेव्यापोटी रचलेले किती, हे आता कोण सांगणार? पण पैसा आला होता, हे नक्की. त्याच्याबरोबर लबाडीही आली. गाठोडी ओली करणे, त्यांत सरकी आणि माती मिसळणे इतके बोकाळले की, १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील भेसळीविरुद्ध खास कायदा करावा लागला.

आता योगायोग पाहा. घाटापलीकडचा लोहमार्ग आधी तयार झाला होता; मधला कसाऱ्याचा थळ घाट तेवढा गाडीबैलांनी ओलांडावा लागे. तो घाटातला मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. खानदेशचा कापूस बिनअडथळा मुंबईच्या बंदरात उतरण्याची सोय झाली, आणि तीन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, अमेरिकेतल्या दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. भाव कोसळला. १ जुलै १८६५ ह्या वायद्याच्या दिवशी मुंबईत पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंद आणि बॅक बेचे शेअर ह्यांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. मुंबईच्या इतिहासात तिला पानेच्या पाने मिळाली. जळगावच्या पेठेलाही त्याच वेळी मोठा फटका बसला, त्याला मात्र गॅझेटियरात एखाद्या ओळीपुरती जागा आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कापूस त्या वर्षी मातीमोल झाला नाही. पुढेही काही वर्षे त्याचा भाव युद्धापूर्वीच्या भावापेक्षा वरच राहिला. मग कुणबी का बुडाला? कारण तेजीत त्याची पत वाढली होती आणि चढ्या भावाच्या भरवशावर त्याने कर्ज उचलले होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यान्वये रोख्याची मुदत तीन वर्षांची होती. हेतू चांगला होता. सावकाराने जुनी बाकी वर्षानुवर्षे उकरून काढू नये. घडले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई, आणि मागचे व्याज नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसे. भाव ओसरला तरी रोख्यातला आकडा चढत राहिला. सरकारचा साराही रोख आणि मोजणीने ठरलेला. त्याच मोजणीविरुद्ध १८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोल ह्या भागांतले शेतकरी उठले होते आणि त्यांच्यावर फौज चालून आली होती. पुढे १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांचे दप्तर जाळण्याचे दंगे झाले. चौकशी आयोगाने त्याची जी कारणे दिली, त्यांत तेजीत फुगलेली पत, मग पडलेला भाव आणि वाढलेला सारा ही मुख्य होती. खानदेशात तसे दंगे झाले नाहीत. पण कारणे येथेही हजर होती.

ह्या साऱ्यात मजूर कोठे होता? जिनात. खानदेशात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले ते हंगामी. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या कारखान्यांस लागू नव्हता. जिने त्यातून अलगद सुटली. १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनांविषयी ज्या साक्षी झाल्या, त्या आजही वाचवत नाहीत. ऐन हंगामात तीच माणसे, त्याच बाया, रात्रंदिवस, सलग आठ-आठ दिवस कामावर. आता ह्या माणसांच्या बाजूने मंदीचा विचार करा. तेजीत त्यांचे हाड मोडे आणि मंदीत जिन लवकर बंद होई. त्यांचा एकही आकडा ठरलेला नव्हता.

दुसरा प्रसंग अधिक जवळचा, १९२९ नंतरचा. ह्याविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण पुष्कळांच्या आजी-आजोबांनी तो पाहिलेला आहे.

कलकत्त्याचा घाऊक किमतींचा निर्देशांक १९१४ साली १०० धरला, तर १९२९ साली तो १४१ होता. १९३१ साली ९६ झाला आणि १९३३ साली ८७. ही सर्व मालांची सरासरी. कापसाचा भाव ह्याहून अधिक, निम्म्याच्या आसपास उतरला. १९३१ च्या मध्यवर्ती बँकिंग चौकशी समितीने ब्रिटिश हिंदुस्थानातील शेतकऱ्यांचे कर्ज सुमारे ९०० कोटी रुपये धरले होते. हा आकडा रुपयांत. पण शेतकरी तो फेडणार कापसात. जे कर्ज दहा मण कापूस विकून फिटायचे, त्याला आता वीस मण लागू लागले. सावकाराने एक अक्षर खोडले नाही, एक पै वाढविली नाही, तरी कर्ज दुप्पट झाले!

आता गिरणीकडे वळू. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, चाळीसगावची लक्ष्मीनारायण मिल ह्या आपल्या भागातल्या मोठ्या गिरण्या. ज्याची नोकरी टिकली त्या कामगाराला मंदीत धान्य स्वस्त मिळत होते, हे खरे आहे, आणि आमच्या चळवळीतल्या लोकांनी ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याची मजुरी हा ठरलेला आकडा, आणि ह्या एका बाबतीत तो त्याच्या बाजूने होता. नेमक्या त्यावरच घाव आला. "ज्वारी स्वस्त झाली, मग मजुरी का उतरू नये?" हा मालकांचा युक्तिवाद. मुंबईच्या गिरण्यांनी १९३३-३४ साली मजुरीत कपात केली आणि एप्रिल १९३४ मध्ये तेथे सार्वत्रिक संप झाला. युक्तिवादात मेख अशी की, सारा, व्याज आणि भाडे उतरावे असे कोणी म्हणत नव्हते. शिवाय कामगाराचा पगार एक आणि त्यावर चुली दोन. गावाकडच्या भावाचे शेत तोट्यात गेले की ह्याच पगारातून तिकडे पैसे जायचे.

ह्या दोन भावांची गोष्ट येथेच संपत नाही. खानदेश-वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस व्यापारात "उमरा" नावाने ओळखला जाई. त्याचे मोठे गिऱ्हाईक होते जपान. तोच जपान स्वस्त कापड करून येथे ओतीत होता. १९३१ च्या अखेरीस त्याने येनचे सोन्याशी असलेले नाते तोडल्यावर ते कापड आणखीच स्वस्त झाले. गिरण्यांनी संरक्षण मागितले. सरकारने बिनब्रिटिश कापडावरील जकात १९३२ च्या ऑगस्टात ५० टक्के आणि १९३३ च्या जूनमध्ये ७५ टक्के केली. गिरणीतला भाऊ सुखावला. जपानच्या गिरण्यांनी उत्तर दिले ते आपला कापूस घेण्याचे थांबवून. शेतातला भाऊ मेला! शेवटी जानेवारी १९३४ मध्ये दोन्ही सरकारांचा करार झाला: जपानने १० लाख गाठी कापूस घ्यावा, त्याच्या बदल्यात ३२ कोटी ५० लाख वार कापड येथे पाठवावे, अधिक कापूस घेतल्यास अधिक कापड. जकात पुन्हा ५० टक्क्यांवर आली. एका घरातल्या दोन भावांचे हित असे दूरच्या बैठकीत तराजूच्या दोन पारड्यांत घातले गेले, आणि त्या बैठकीत त्यांच्या वतीने बोलणारा कोणीही नव्हता. कामगारांची संघटना एकीकडे आणि शेतकऱ्यांची दुसरीकडे असली की काय होते, ते ह्या कराराच्या निमित्ताने मला जितके स्पष्ट दिसले तितके कोणत्याही पुस्तकाने दाखविले नाही.

मग घरे तगली कशी? दागिने मोडून. आपल्या जळगावच्या सराफ बाजाराची कीर्ती लांबवर आहे आणि लग्नसराईत माणसे पल्ल्याच्या गावांहून येथे सोने घ्यायला येतात. त्या काळी प्रवाह उलटा होता. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने पौंडाचा सोन्याशी संबंध सोडला आणि आपला रुपया पौंडाला बांधलेलाच राहिला. त्यामुळे रुपयांत सोन्याचा भाव चढला. एकवीस-बावीस रुपये तोळा होता, तो पुढे तिसाच्या वर गेला. सगळे पडत असताना एकच वस्तू चढत होती, आणि ती बायकांच्या अंगावर होती. पुतळ्या, पाटल्या, गोट निघाले. १९३१ ते १९३९ ह्या वर्षांत हिंदुस्थानातून तीनशे कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने परदेशी गेले. सरकारी अर्थशास्त्र्यांनी ह्याला लोकांनी चढ्या भावाचा फायदा घेतला असे म्हटले. काहींनी घेतलाही असेल. पण सारा भरण्याच्या तारखेला जो दागिना मोडतो, त्याला फायदा म्हणणे मला जमत नाही.

त्यातही एक पंक्तिभेद होता. सोने होते ते बागायतदाराच्या, पाटलाच्या, दुकानदाराच्या घरी. सालदाराच्या, मजुराच्या आणि सातपुड्यातल्या भिल्लाच्या घरी होती चांदी: कडी, वाळे, फार तर कंबरपट्टा. आणि चांदी पडत होती. लंडनच्या बाजारात १९२९ ते १९३१ च्या आरंभापर्यंत तिचा भाव जवळजवळ निम्मा झाला. येथे आयातजकातीमुळे घसरण थोडी कमी, पण घसरणच. एकाच वर्षी, एकाच पेठेत, एकीची पाटली वधारली आणि दुसरीचे कडे उतरले. मंदी सर्वांना सारखीच भोवते असे जे म्हणतात, त्यांनी हे दोन भाव शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन फैजपूरला भरले, ते ह्या पार्श्वभूमीवर. तेथला शेतीविषयक ठराव सारा आणि खंड कमी करण्याविषयी व कर्जवसुली रोखण्याविषयी होता. म्हणजे रोख ह्या ठरलेल्या आकड्यांवरच होता. मुंबई इलाख्यात शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला तो १९३९ साली. मंदीला सुरुवात होऊन दहा वर्षे लोटली होती. तोवर ज्यांची जमीन गेली ती गेली.

स्वातंत्र्यानंतर काही आकडे आपल्या बाजूने बांधून घेता आले. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी आली आणि १९७९ पासून तिचा कायदा अमलात आला. त्याच १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. तिच्यातल्या भानगडी सर्वांना ठाऊक आहेत, त्या येथे उगाळीत नाही. गिरण्या मात्र गेल्या. चाळीसगावची लक्ष्मीनारायण मिल आजारी म्हणून १९७४ च्या कायद्याने सरकारने घेतली; जळगावची खानदेश मिल १९८० नंतरच्या दशकात बंद पडली. गिरणी बुडते तेव्हा प्रश्न उरतो तो रांगेचा: शिल्लक मालमत्तेवर पहिला हात कोणाचा? १९८५ पर्यंत बँकेचे तारण आधी आणि कामगाराची थकबाकी मागे होती. त्या वर्षी कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन कामगार तारणदार धनकोंच्या बरोबरीने उभा राहिला. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने ही बरोबरी शेवटच्या २४ महिन्यांच्या देण्यापुरती ठेवली आहे. ज्याचा पगार तीन-चार वर्षे तटला आहे, त्याने त्या २४ महिन्यांपलीकडचे काय करायचे, ह्याचे उत्तर मला दर महिन्याला कोणाला तरी द्यावे लागते.

शेवटी अलीकडचे एक उदाहरण देतो. २०२२ च्या आखाजीला आपल्याकडे कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर होता. त्या दिवशी आपल्या रिवाजाप्रमाणे सालदारांची साले ठरली. पुढच्या हंगामात पुन्हा तोच भाव येईल म्हणून शेतकऱ्यांनी कापूस घरात भरून ठेवला. ओसरी भरली, माजघर भरले, मुलांना अंगाला खाज सुटली तरी विकला नाही. भाव सात-आठ हजारांवर आला. शेतकऱ्याचे नुकसान झाले ते खरेच. पण ज्या सालदाराचे साल आखाजीला ठरलेले होते, त्याचा आकडा पुढच्या आखाजीपर्यंत कायम होता. रोजाने वेचणीला जाणाऱ्या त्याच्या बायकोचा मात्र नव्हता.