गोलपारा : मिठाच्या होड्यांचा सीमाघाट

१/ ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण तीरावरील गोलपारा हे आज आसामातील एका जिल्ह्याचे ठाणे आहे. अठराव्या शतकात मात्र येथे एक देश संपून दुसरा सुरू होत असे. बंगालचे मीठ या घाटावर उतरे आणि आसामचा कापूस, लाख व मुगा रेशीम येथूनच खाली जाई. एका नदीबंदरातील मिठाचा व्यापार राजकारणापर्यंत कसा पोहोचला, त्याची ही हकीकत.

२/ आरंभ महाराष्ट्राला परिचित असलेल्या एका नावापासून करता येतो. १६६६ मध्ये आग्र्यात शिवाजी महाराजांसाठी जामीन राहिलेला रामसिंह, म्हणजे मिर्झाराजे जयसिंहांचा पुत्र. महाराज निसटल्यावर औरंगजेबाची रामसिंहावर इतराजी झाली. पुढे याच रामसिंहाला अहोम राजांकडून गुवाहाटी परत घेण्यासाठी आसामच्या मोहिमेवर धाडण्यात आले.

३/ १६७१ मध्ये सराईघाट येथे ब्रह्मपुत्रेच्या पात्रात लाचित बरफुकनाच्या आरमाराने रामसिंहाचा पराभव केला. १६८२ च्या इटाखुलीच्या लढाईनंतर तर मोगलांना गुवाहाटी कायमची सोडावी लागली. मानस नदी ही दोन राज्यांमधील सीमा ठरली.

४/ मानस ब्रह्मपुत्रेला मिळते ती उत्तर तीरावरील जोगीघोपाजवळ, आणि समोरच्या तीरावर गोलपारा. त्यामुळे गोलपारा हा बंगालचा शेवटचा घाट झाला. पलीकडे हादिरा येथे अहोमांनी जकातीची चौकी बसवली. तिला कंदाहार चौकी असेही म्हणत. युद्धाने आखलेल्या सीमेवर बाजार उभा राहिला तो असा.

५/ या चौकीचा कारभार दुआरिया बरुआ या अधिकाऱ्याकडे असे. परदेशी माणसाला चौकीच्या पुढे सहसा जाऊ देत नसत. मोगलांशी दीर्घकाळ झगडलेल्या राज्याला पश्चिमेकडून येणाऱ्या प्रत्येक होडीचा संशय वाटे, आणि तो निराधार नव्हता. परिणामी बंगालच्या व्यापाऱ्याला आपला माल बरुआलाच द्यावा लागे. भाव आणि पैसे चुकते करण्याची वेळ, दोन्ही बहुतांशी त्याच्या हाती.

६/ मीठच का? आसाम समुद्रापासून दूर. सदिया, बोरहाट अशा ठिकाणी खाऱ्या पाण्याचे झरे होते, परंतु ते पाणी आटवून काढलेले मीठ थोडे आणि महाग पडे. सामान्य घरांत केळीच्या राखेपासून काढलेल्या खारावर भागवले जाई. बंगालच्या किनाऱ्यावर समुद्राचे मीठ मुबलक होते. ते प्रवाहाविरुद्ध होड्यांतून वर आणणे कष्टाचे असले तरी फायद्याचे होते.

७/ परतीच्या होड्या रिकाम्या जात नसत. लाख, सरकीसकट कापूस, मोहरी, हस्तिदंत आणि मुगा रेशीम असा माल प्रवाहासोबत बंगालमध्ये उतरे. मुग्याचे सोनेरी सूत ही तर ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्याची खास वस्तू. एका बाजूला रोजच्या जेवणाची गरज आणि दुसऱ्या बाजूला दुर्मीळ माल, अशा व्यापारावर युरोपीय लोकांची दृष्टी न जाती तरच नवल.

८/ १७५५ च्या सुमारास झाँ-बाप्तिस्त शेव्हालिए हा फ्रेंच व्यापारी गोलपाऱ्यात आला. त्याने येथे ठाणे केले आणि अहोम दरबारापर्यंत प्रवासही केला. पुढे हाच गृहस्थ चंद्रनगरचा गव्हर्नर झाला. युरोपीयांना हादिराच्या पलीकडे काय आहे याची केवढी उत्सुकता होती, हे यावरून दिसते.

९/ १७६५ मध्ये बंगालची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली आणि गोलपाराही तिच्या हाती आले. त्याच वर्षी क्लाइव्हने मीठ, सुपारी व तंबाखूच्या व्यापारासाठी कंपनीच्या वरिष्ठ नोकरांची एक मंडळी स्थापन केली. पुढे मिठाचे उत्पादनच कंपनीच्या मक्तेदारीत आले. आता सीमेच्या एका बाजूला कंपनीची मक्तेदारी आणि दुसऱ्या बाजूला बरुआची.

१०/ यात एक पेच होता. मीठ उधारीवर जाई, आणि उधारी वसूल व्हायची तर पलीकडचे राज्य शाबूत राहायला हवे. पण १७६९ पासून आसामात मोआमरिया बंडाचा वणवा पेटला होता. राजा गौरीनाथ सिंहाला राजधानी रंगपूर सोडून गुवाहाटीला यावे लागले. (हे रंगपूर आजच्या शिवसागरजवळचे, बंगालमधले नव्हे.)

११/ गोलपाऱ्यात डॅनिएल राउश नावाचा मिठाचा युरोपीय व्यापारी होता. त्याने राजाच्या मदतीस ७०० बरकंदाज, म्हणजे बंदूकधारी शिपाई, पाठवले. बंडखोरांनी त्यांचा धुव्वा उडवला. मिठाच्या एका व्यापाऱ्याने शेजारच्या राज्यातील यादवीत स्वतःची तुकडी उतरवावी, यावरून त्याचे किती काही पणाला लागले असेल याची कल्पना येते.

१२/ बंगालमधून शिरलेल्या बरकंदाजांच्या इतर टोळ्याही आसामात लूट करीत होत्या. त्यांना आवरण्यासाठी आणि राजाच्या विनंतीवरून कॉर्नवॉलिसने १७९२ मध्ये कॅप्टन थॉमस वेल्शला पाठवले. नोव्हेंबरमध्ये गोलपाऱ्याहून निघालेल्या त्याच्या पलटणीत अवघे ३६० शिपाई होते. त्याच महिन्यात त्याने गुवाहाटी घेतली.

१३/ २८ फेब्रुवारी १७९३ रोजी वेल्श व गौरीनाथ यांच्यात व्यापारी करार झाला. आयात-निर्यातीवर दोन्ही दिशांना शेकडा १० जकात ठरली. ती हादिरा आणि गुवाहाटी येथे घ्यायची होती. दोन्ही सरकारांच्या परवानगीवाचून कोणाही युरोपीय व्यापाऱ्याने आसामात वस्ती करायची नाही, असेही कलम त्यात होते.

१४/ हा करार टिकला नाही. नवा गव्हर्नर जनरल जॉन शोअर याने १७९४ मध्ये वेल्शला परत बोलावले. शिपाई गेल्यावर करार कागदावरच राहिला आणि हादिराची जुनी पद्धत पुन्हा सुरू झाली. कराराला पाठबळ होते ते फौजेचे. व्यापाऱ्यांच्या परस्पर विश्वासाचे नव्हते.

१५/ फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टन याने या व्यापाराचे १८०८-०९ चे आकडे नोंदवले आहेत. बंगालमधून आसामात २,२८,३०० रुपयांचा माल गेला. त्यात मीठ ३५,००० मण, किंमत १,९२,५०० रुपये, म्हणजे शंभर रुपयांतले सुमारे ८४ एकट्या मिठाचे! उलट आसामातून आलेला माल १,३०,९०० रुपयांचाच. लाख, कापूस, मोहरी आणि मुगा मिळूनही मिठाची किंमत भरून निघत नव्हती.

१६/ १८१७ पासून ब्रह्मी सैन्याच्या स्वाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा याच सीमाघाटाकडे आसामी माणसांचे लोंढे आले. ज्या होड्यांतून मीठ वर जाई, त्याच नदीवरून आता माणसे जीव वाचवण्यासाठी खाली येत होती. राज्याबाहेर ठेवलेला कंपनीचा मुलूख हाच आता त्यांचा आसरा ठरला.

१७/ समोर जोगीघोपा येथे रॉबर्ट ब्रूस हा व्यापारी राहत असे. १८२१ च्या सुमारास आसामच्या गादीसाठी झगडणाऱ्यांना त्याने बंदुका व दारूगोळा पुरवला. १८२३ मध्ये सिंगफो सरदाराकडून त्याला तिथल्या चहाच्या झाडांची माहिती मिळाली. आसामच्या प्रसिद्ध चहाचा धागा असा या सीमाघाटाशीही जुळतो.

१८/ १८२४ मध्ये इंग्रज-ब्रह्मी युद्ध पेटले आणि कंपनीची फौज गोलपाऱ्याहून पुन्हा वर निघाली. या वेळी ती परतली नाही. २४ फेब्रुवारी १८२६ च्या यांदाबोच्या तहाने ब्रह्मदेशाने आसामवरील हक्क सोडला. दोन्ही तीर एकाच सत्तेखाली आले आणि हादिराच्या चौकीचे प्रयोजन संपले. सीमेवर जगणारे बंदर सीमा पुसली जाताच साधा घाट झाले. १८७९ मध्ये जिल्ह्याचे ठाणेही धुब्रीला हलले.

१९/ सीमा मात्र पुन्हा आली. १९४७ मध्ये ती धुब्रीच्या खाली आखली गेली. १९६५ च्या युद्धात पूर्व पाकिस्तानातून जाणारी जलवाहतूक बंद पडली. १९७२ मध्ये भारत व बांगलादेश यांच्या जलवाहतूक करारानंतर ती पुन्हा खुली झाली. २०१९ मध्ये भूतानचा दगड धुब्रीच्या धक्क्यावर जहाजात भरून बांगलादेशातील नारायणगंजकडे रवाना करण्यात आला.

२०/ आणि जोगीघोपा? भूतान व बांगलादेशच्या व्यापारासाठी तिथे २०२५ मध्ये नवे जलवाहतूक टर्मिनल सुरू झाले आहे. मानसच्या मुखाजवळ, जिथे एकेकाळी दुआरिया बरुआ मिठाचे मण मोजून घेत असे, त्याच परिसरात आता पुन्हा शेजारच्या देशांचा माल उतरू लागला आहे.