गर्भवतीच्या मनोव्यथेची दखल : कोल्हापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

कोल्हापूर शहराला लागून, पुणे-बेंगळुरू महामार्गालगत वसलेले उचगाव हे करवीर तालुक्यातील गाव. महाराष्ट्रातील इतर गावांप्रमाणे येथेही गर्भवतीची आरोग्यविषयक नोंद ही आता नित्याची बाब झाली आहे. माता-बाल संरक्षण कार्डावर वजन, रक्तदाब व हिमोग्लोबिन लिहिले जाते. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानामुळे आशा कार्यकर्ती घरापर्यंत पोहोचली. मात्र गर्भवतीच्या मनाची विचारपूस या नोंदीइतकी रुळलेली नाही. गर्भारपणातील चिंता व नैराश्य यांची दखल समाजाने आजवर कोणत्या रूपात घेतली आणि त्यांना आजार म्हणून ओळखण्यास एवढा विलंब का झाला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

परंपरेतील गर्भवती :

गर्भवतीचे मन ही बाब प्राचीनांना अज्ञात नव्हती. चरकसंहितेने गर्भधारणा टिकविणाऱ्या गोष्टींत मनाच्या प्रसन्नतेला अग्रस्थान दिले आहे. याच ग्रंथाच्या शारीरस्थानात सतत शोक करणाऱ्या गर्भवतीचे अपत्य भित्रे, कृश किंवा अल्पायुषी होते, असे सांगितले आहे. म्हणजेच शोक दिसला होता. परंतु तो पाहिला गेला गर्भाच्या हितासाठी. शोक करणाऱ्या स्त्रीचे स्वतःचे दुःख हा येथे विचाराचा विषय नव्हता.

मराठी लोकजीवनातही हाच धागा आढळतो. डोहाळे पुरविणे, डोहाळजेवण, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी पाठविणे या प्रथांनी गर्भवतीला लाड, विश्रांती आणि आपली माणसे मिळवून दिली. त्यांचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि, या प्रथांत गर्भवतीला आंबट-गोड मागण्याची मुभा होती, ‘मला काहीच नकोसे वाटते’ असे म्हणण्याची नव्हती. आनंदाचा प्रसंग ठरल्यामुळे दुःख हे अशुभ किंवा कृतघ्नपणाचे लक्षण ठरले.

न्यायालय आणि आश्रयगृह :

एकोणिसाव्या शतकात गर्भवतीची व्यथा सार्वजनिक चर्चेत आली ती गुन्ह्याच्या रूपाने. पुनर्विवाहास बंदी असलेल्या जातींतील विधवा गर्भवती राहिल्यास तिच्यापुढे आत्महत्या, गर्भपात किंवा बालहत्या एवढेच मार्ग उरत. १८८१ मध्ये सुरत येथील विजयालक्ष्मी या विधवेला अशाच आरोपावरून प्रथम फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. या प्रकरणानंतर उठलेल्या वादाच्या पार्श्वभूमीवर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून दोष एकट्या स्त्रीच्या माथी मारण्यास आव्हान दिले.

याआधीच, १८६३ मध्ये, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले होते. विधवेने तेथे यावे, गुप्तपणे व सुरक्षित बाळंत व्हावे, मूल नेणे अथवा ठेवणे तिच्या मर्जीवर असावे, अशी ही व्यवस्था होती. १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने पंढरपुरातही असे गृह निघाले. या स्त्रियांना आजच्या अर्थाने नैराश्याचा आजार होता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु गर्भवतीचे भय तिच्या परिस्थितीतून निर्माण होते आणि दोष न देता दिलेला आधार जीव वाचवितो, हे तत्त्व या संस्थांनी प्रत्यक्षात आणले.

कोल्हापूर : रुग्णालय आणि कायदा :

कोल्हापूरचा या इतिहासाशी संबंध आनंदीबाई जोशी यांच्या नावाने जोडला जातो. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल अवघे दहा दिवस जगले. स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळावी या ध्यासाने त्या अमेरिकेस गेल्या. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहून १८८६ मध्ये पदवी घेतली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री कक्षाच्या प्रमुखपदी त्यांची नियुक्ती झाली होती. परंतु ते काम हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. हेच रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे अर्थात सीपीआर रुग्णालय म्हणून ओळखले जाते.

राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा आणि १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा संस्थानात केला. हे कायदे आरोग्यविषयक नव्हते. तरीही घरातील छळ हा खासगी मामला नसून शासनाने दखल घेण्याचा विषय आहे, ही त्यांतील भूमिका प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तिचे महत्त्व पुढे गोव्यातील संशोधनाने अधोरेखित केले.

आजार म्हणून ओळख :

फ्रेंच वैद्य लुई-व्हिक्टर मार्से यांनी १८५८ मध्येच गर्भवती, नवप्रसूता व स्तनदा स्त्रियांच्या मनोविकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. पुढील शतकात मात्र लक्ष बाळंतपणानंतरच्या अवस्थेवर केंद्रित झाले. १९८७ मध्ये तयार झालेल्या दहा प्रश्नांच्या एडिंबरा मापनश्रेणीच्या नावातही प्रसूतीनंतरचेच नैराश्य होते. तिचा गर्भारपणातील वापर नंतर रूढ झाला. अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाने तर २०१३ च्या आवृत्तीत प्रथमच गर्भारपणात सुरू होणारे नैराश्य या सदरात समाविष्ट केले.

मराठी व कोकणी मुलखाला जवळचा पुरावा गोव्यातून आला. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २७० स्त्रियांची गर्भारपणापासून पाहणी केली होती. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले आणि त्यांपैकी ७८ टक्के स्त्रिया गर्भारपणातच मानसिकदृष्ट्या लक्षणीय त्रस्त होत्या. दारिद्र्य, पतीकडून होणारी हिंसा आणि मुलीच्या जन्मामुळे येणारे दडपण ही कारणे पुढे आली. ‘बाळंतपणानंतरचा आजार’ बहुधा बाळंतपणापूर्वीच सुरू झालेला असतो, हे यावरून स्पष्ट झाले.

ओळख आणि मदत :

थकवा, अपुरी झोप, अन्नावरची वासना जाणे ही गर्भारपणाची सामान्य लक्षणेही असल्याने आजार त्यांआड दडतो. ‘छातीत धडधडते’, ‘जीव घाबरतो’, ‘कशातच मन लागत नाही’ अशा शब्दांत तो व्यक्त होतो. उदासपणा, अपराधीपणा, निराशा किंवा न आवरणारी काळजी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जीव देण्याचा विचार मनात आल्यास एक दिवसही थांबू नये. चालू असलेली मनोविकाराची औषधे गर्भ राहिला म्हणून परस्पर बंद करणेही धोक्याचे ठरते.

मदतीसाठी प्रत्येक वेळी मनोविकारतज्ज्ञच हवा असे नाही. रावळपिंडी परिसरात अतिफ रहमान यांच्या २००८ च्या अभ्यासात गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांनी नैराश्यग्रस्त गर्भवतींना ठरावीक पद्धतीने समुपदेशन केले. सहा महिन्यांनंतर त्यांच्यातील २३ टक्के मातांमध्ये नैराश्य उरले होते. हे समुपदेशन न मिळालेल्या गटात ते प्रमाण ५३ टक्के होते. याच पद्धतीचा प्रयोग गोव्यात २८० गर्भवतींमध्ये वस्तीतील सामान्य स्त्रियांकरवी झाला. त्यांना ‘सखी’ म्हटले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सखींची मदत मिळालेल्या स्त्रियांत बरे होण्याचे प्रमाण अधिक होते. गंभीर आजारासाठी बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २००९ पासून माता-बालक कक्ष आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक गावातूनही लावता येतो.

समारोप :

गर्भवतीची व्यथा परंपरेने गर्भाच्या हितासाठी पाहिली, न्यायालयाने गुन्हा म्हणून पाहिली आणि आरोग्यव्यवस्थेने दीर्घकाळ केवळ शरीर पाहिले. तिन्ही ठिकाणी स्त्री समोर होती. तिला विचारणे तेवढे राहून गेले. फुले दांपत्याच्या गृहापासून गोव्यातील सखींपर्यंत जे उपयोगी ठरले, त्यात दोषारोपाविना ऐकून घेणे हे समान सूत्र आहे. उचगावसारख्या गावात दरमहा गर्भवतीच्या दारात जाणारी कार्यकर्ती आधीच उपलब्ध आहे. वजन व रक्तदाबाबरोबर ‘मन कसे आहे?’ हा प्रश्न तिने एकांतात विचारावा, त्याचे उत्तर ऐकण्याचे प्रशिक्षण तिला मिळावे आणि पुढे पाठविण्याचे ठिकाण निश्चित असावे. आनंदीबाईंना कोल्हापुरात जे काम करता आले नाही, त्याचा हाच उरलेला भाग म्हणता येईल.