तारांवर तोललेले चाक : केलीच्या वहीपासून स्वस्त कार्बन रिमपर्यंत

१/ नामवंत कंपनीच्या कार्बन चाकांच्या जोडीची किंमत अनेकदा एका चांगल्या सायकलीच्या किमतीहून अधिक असते. तरीही गेल्या दीड दशकात जगभरच्या हौशी सायकलस्वारांनी त्याच जातीची चाके घरच्या टेबलावर, बऱ्याच कमी खर्चात बांधली. हे शक्य झाले ते एकोणिसाव्या शतकातील एका कल्पनेमुळे. त्या कल्पनेचा आणि तिच्याभोवती बदलत गेलेल्या कड्याचा हा इतिहास.

२/ बैलगाडीचे चाक दाबावर उभे असते. गाडीचा भार तुंब्यावर येतो आणि तुंब्याखालचा आरा तो जमिनीकडे पोचवतो. आरा वाकू किंवा मोडू नये म्हणून तो जाड ठेवावा लागतो. लोखंडी धाव तापवून चढवतात. थंड होताना ती आकसते आणि सारे सांधे आवळते. अशा चाकात बळकटी हवी तर वजन सोसावेच लागे.

३/ हे समीकरण मोडण्याची कल्पना आकाशाच्या ओढीतून जन्मली. यॉर्कशायरचे जॉर्ज केली हे उड्डाणविद्येचे आद्य अभ्यासक. उडत्या यंत्राखाली बसेल असे अतिशय हलके चाक त्यांना हवे होते. १८०८ मध्ये त्यांनी आपल्या वहीत नोंद केली : जाड आरे काढून टाकावेत आणि कडे व तुंबा घट्ट ताणलेल्या दोऱ्यांनी जोडावेत. दोरी दाब सोसत नाही, पण ताण उत्तम सोसते.

४/ सायकलीत ही कल्पना रुजण्यास सहा दशके लागली. तोवरच्या सायकली लाकडी आऱ्यांच्या होत्या आणि खडबडीत रस्त्यांवर स्वाराची हाडे खिळखिळी करीत. १८६९ मध्ये पॅरिसच्या युजीन मेयर यांनी ताणलेल्या तारांच्या चाकाचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीत जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी ‘एरियल’ या सायकलीचे पेटंट मिळवले.

५/ स्टार्ली शेतकरी कुटुंबातले. काही काळ त्यांनी माळीकाम केले, पुढे शिवणयंत्रांच्या कारखान्यात त्यांचे नाव झाले. ‘एरियल’ ८ पौंडांना विकली जाई. तिच्या चाकाच्या तारा हबपासून सरळ कड्याकडे जात आणि एका तरफेने साऱ्या तारांचा ताण एकदम वाढवता येई. मात्र पायडल मारताच हब थोडा पुढे फिरे आणि कडे मागे राही. सरळ तारा हा पीळ नीट पेलू शकत नव्हत्या.

६/ १८७४ मध्ये स्टार्लींनी यावर उपाय काढला. तारा हबच्या कडेला स्पर्शून तिरप्या काढायच्या, निम्म्या पुढच्या दिशेने आणि निम्म्या मागच्या दिशेने. आता पायडलाचा जोर थेट तारांच्या लांबीतून कड्यापर्यंत जाऊ लागला. आज गल्लीतल्या दुकानात टांगलेल्या सायकलीच्या मागच्या चाकाकडे पाहिले, तरी एकमेकींना छेदणाऱ्या त्याच तिरप्या तारा दिसतात.

७/ चाक हे वरच्या तारांना टांगलेले असते, असा समज दीर्घकाळ होता. अमेरिकन अभियंते जोब्स्ट ब्रँट यांनी १९८१ मध्ये चाकावरच्या आपल्या पुस्तकात गणिताने वेगळे चित्र दाखवले. भार येताच वरच्या तारांचा ताण फारसा बदलत नाही. जमिनीलगतच्या मोजक्या तारांचा ताण कमी होतो. जोवर त्या पूर्ण सैल पडत नाहीत, तोवर चाक उभे राहते. म्हणून आधीच भरून ठेवलेला ताण हेच चाकाचे खरे भांडवल.

८/ तारा ताण सांभाळू लागल्यामुळे कडे कशाचे करायचे, हा प्रश्न मोकळा झाला. लाकूड, पोलाद आणि मग ॲल्युमिनियमचा मिश्रधातू असा प्रवास घडला. १९३४ च्या टूर द फ्रान्समध्ये आंतोनॅं मान्य यांनी मॅव्हिक कंपनीची मिश्रधातूची रिम वापरली आणि शर्यत जिंकली. धातूची ही रिम नियमात बसत नव्हती, म्हणून तिला लाकडासारखा रंग दिला होता, असे सांगितले जाते.

९/ पुढे वजनाबरोबर वाऱ्याचाही विचार सुरू झाला. धावत्या चाकाचा सर्वांत वरचा बिंदू सायकलीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. तिथल्या तारा हवा कापत जातात. १९८४ च्या जानेवारीत मेक्सिको सिटीत फ्रांचेस्को मोझर यांनी तबकडीसारख्या बंद चाकांवर तासाभरात ५१.१५१ किमी अंतर कापले. १९७२ चा एडी मर्क्स यांचा विक्रम ४९.४३१ किमीचा होता. साऱ्या वाढीचे श्रेय चाकांचे नव्हे, पण जगाचे लक्ष चाकांकडे वळले.

१०/ बंद चाक बाजूच्या वाऱ्यात आवरत नाही. मधला मार्ग म्हणजे उंच काठाची रिम आणि आखूड तारा. धातूची उंच रिम जड होते. कार्बन तंतूंची होत नाही. विमानांसाठी विकसित झालेला हा तंतू पुढे सायकलीत आला. अमेरिकेत स्टीव्ह हेड यांची कार्यशाळा आणि १९८८ मध्ये स्थापन झालेली झिप ही कंपनी यांनी अशा चाकांना आकार दिला. २०१० मध्ये फाबियान कान्सेलारा यांनी दगडी रस्त्यांची पॅरिस-रुबे शर्यत कार्बन रिमवर जिंकली, तेव्हा ही रिम नाजूक असते या शंकेचा जोर ओसरला.

११/ कार्बन रिम महाग का? रेझिनने भिजवलेल्या कापडाचे तुकडे साच्यात हाताने, ठरलेल्या दिशांनी रचावे लागतात. मग उष्णता आणि दाब देऊन ते घट्ट करतात. हे कौशल्य तैवान आणि चीनमधील कारखान्यांत एकवटले, कारण मोठ्या कंपन्यांचा माल तिथेच घडत होता. २०१० नंतर चीनमधील शियामेनसारख्या शहरांतून नुसत्या रिम थेट ग्राहकाला विकल्या जाऊ लागल्या. जाहिरात, शर्यतपथकांचा खर्च आणि मधले विक्रेते किमतीतून वगळले गेले.

१२/ उरलेले काम मेयर आणि स्टार्ली यांच्या काळचेच होते. हब साधा पण चांगल्या बेअरिंगचा चालतो. तारा स्टेनलेस स्टीलच्या, टोकांना २ मिमी आणि मध्ये १.८ मिमी जाडीच्या. तारेची लांबी रिमचा आतला व्यास, हबच्या कडेचा व्यास आणि छेदांची संख्या यांवरून काढतात. ती फार चुकली की तार वाया जाते. निपल पितळेचे घेणे शहाणपणाचे. ॲल्युमिनियम कार्बनच्या संपर्कात ओलाव्यामुळे गंजते, आणि २८ पितळी निपलांनी वाढणारे वजन जेमतेम २० ग्रॅम असते.

१३/ तारा ओवल्यावर प्रत्येक निपल थोडे-थोडे फिरवत ताण चढवतात आणि मराठी कारागिरांच्या भाषेत चाकाचा ‘आउट’ काढतात. एका तारेवर साधारण १०० किलोचा ताण धरला, तर २८ तारा मिळून कड्याला २.८ टनांनी आत ओढतात. रिम बनवणाऱ्याने दिलेली ताणाची मर्यादा ओलांडली, तर छिद्रांपाशी कार्बन चिरते. ताण कमी पडला, तर खालच्या तारा फेऱ्यागणिक सैल-घट्ट होऊन अखेर तुटतात. म्हणून ताण मोजण्याचे उपकरण हा वाचवण्याजोगा खर्च नाही.

१४/ स्वस्त कार्बनची एक जुनी दुखरी बाजू होती : उष्णता. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकने लांब घाट उतरताना रेझिन तापून मऊ पडे. रिम फुगे आणि क्वचित टायर निसटे. तिथे वाचवलेल्या पैशाची किंमत जिवाने मोजावी लागली असती. डिस्क ब्रेकने ही उष्णता हबजवळच्या पोलादी चकतीकडे नेली. २०१८ मध्ये रस्त्यावरील शर्यतींत डिस्क ब्रेकला कायमची मान्यता मिळाली आणि कमी पैशातले कार्बन चाक पूर्वीपेक्षा निर्धोक झाले.

१५/ दोनशे वर्षांत कडे लाकडाचे झाले, पोलादाचे झाले, ॲल्युमिनियमचे आणि कार्बनचे झाले. तारा मात्र स्टार्लींच्या वाटेनेच तिरप्या धावत राहिल्या, आणि प्रत्येक निपल किती फिरवायचे याचा निर्णय बांधणाऱ्याच्या हाती राहिला. त्या कामाला कारखाना लागत नाही. एक किल्ली, एक मोजपट्टी आणि सवड लागते. कार्बनचे चाक सामान्य माणसाच्या आवाक्यात आले, ते त्यामुळेच.

(धागा समाप्त)