काकींची फियाट

आज बचतीचा हिशोब नाही, कर्जाचा हप्ता नाही. आज आपण एका मोटारीची गोष्ट ऐकणार आहोत. मोटारीचा आणि आपल्या गटाचा काय संबंध, असं वाटेल. आम्हालाही तसंच वाटलं होतं.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक काकींच्या अंगणात होती. काकी गटातल्या सगळ्यांत थोरल्या. अंगणाच्या कडेला पत्र्याची शेड आहे आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली त्यांची जुनी फियाट उभी आहे. बैठक चालू असतानाच भंगारवाला आला. पुण्याच्या मुलानं त्याला पाठवला होता. त्यानं ताडपत्री वर केली, पत्रा ठोकून पाहिला आणि वजनावर भाव सांगितला. काकी म्हणाल्या, "आज बैठक हाय. पुन्हा ये." तो गेला. मग काकी आम्हाला म्हणाल्या, "पोरींनो, ही गाडी कुणाची हाय, ते आधी ठरवा." त्या दिवशी आमचं कर्जवाटप पुढं ढकललं गेलं आणि ही गोष्ट निघाली.

आधी ही गाडी आली कुठून ते पाहू. ती आपल्या महाराष्ट्रातलीच. वालचंदनगर आपल्याला साखरेमुळं माहीत आहे. ते गाव ज्यांच्या नावानं वसलं, ते वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला मोटारींचा कारखाना उभारला. पुढं इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि कुर्ल्यात फियाट तयार होऊ लागली. 1950 च्या दशकातली फियाट गोलगरगरीत होती, म्हणून लोक तिला 'डुक्कर फियाट' म्हणायचे. नंतर आली ती चौकोनी अंगाची, मागं टोकदार कडा असलेली. काकींची गाडी त्या जातीची. 1970 च्या दशकात तिच्यावरचं फियाटचं नाव गेलं, आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' असं नाव पडलं. कागदावर नाव बदललं तरी लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली.

त्या काळात देशात मोटारी म्हणजे मुख्यतः तीन. कुर्ल्याची फियाट, बंगालमधल्या उत्तरपाड्याची अँबॅसेडर आणि मद्रासची स्टँडर्ड. साखर कारखान्याचे चेअरमन आणि कलेक्टर साहेब अँबॅसेडरमधून यायचे. डॉक्टर, वकील, पेढीवाले यांच्या दारात फियाट असायची. सगळ्या देशात मिळून वर्षाला पन्नास हजारही मोटारी तयार होत नव्हत्या. पैसे असले तरी गाडी लगेच मिळायची नाही. नाव नोंदवायचं, अनामत भरायची आणि काही वर्षं वाट पाहायची. लग्न ठरताना गाडी नोंदवली आणि मूल शाळेत जायला लागल्यावर ती दारात आली, अशी गंमत सांगायचे. सरकारचं किमतीवर नियंत्रण होतं, पण गाड्याच कमी, त्यामुळं वापरलेल्या गाडीलाही चांगला भाव यायचा.

आता जरा आपल्या पद्धतीचा हिशोब करू. 1972 सालचा दुष्काळ आपल्या थोरल्या बायांना आठवतो. आमच्या माण भागात त्या साली विहिरींनी तळ दाखवला होता. लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन माणसं जगली. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली रोजगार हमी योजना त्याच काळात सुरू झाली. पुढं 1977 साली तिचा कायदा झाला. आमच्या गटातल्या एक आजी तेव्हा ऐन तरुण होत्या. रस्त्याच्या कामावर त्या खडी फोडत. "दिसाला दोन-तीन रुपये पडायचे," त्या म्हणाल्या. नवी मोटार तेव्हा पंधरा-वीस हजारांच्या घरात होती. पंधरा हजारच धरले आणि मजुरी तीन रुपये धरली, तर पाच हजार दिवस झाले. म्हणजे एकही खाडा न करता, पोटाला एक पैसा खर्च न करता साडेतेरा वर्षांहून जास्त खडी फोडायची, तेव्हा एक मोटार.

हा हिशोब मांडल्यावर आजी हसल्या. म्हणाल्या, "मोटार आमची नव्हती, पर तिच्या चाकाखालचा रस्ता आमचा हुता." जुन्या मोटारींच्या आठवणी निघाल्या, की हे वाक्य आम्ही आता विसरत नाही. ज्या रस्त्यांवरून त्या गाड्या गावोगाव गेल्या, त्यांतले कितीतरी आपल्या आया-आज्यांनी डोक्यावर पाट्या वाहून केलेले आहेत.

काकींच्या घरी फियाट आली 1978 साली. काकींच्या मालकांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं. साताऱ्याच्या एका डॉक्टरांनी चार वर्षं वापरलेली गाडी विकायला काढली. दुकानातले पैसे पुरेनात. मग काकींच्या चार पाटल्या मोडल्या. सोनं तेव्हा तोळ्याला हजाराच्या आत होतं. "मागितल्या आन् मी दिल्या," काकी म्हणाल्या. गाडी आली त्या दिवशी दारात रांगोळी, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. ओवाळलं काकींनीच. साऱ्या गावाला पेढे वाटले. गाडीच्या पुस्तकावर नाव मालकांचं लागलं. त्यात काही खटकावं, असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. काकींनाही नाही.

आणि मैत्रिणींनो, गाडी होतीही तशी जीव लावणारी. पुढची सीट अखंड, बाकड्यासारखी, कारण गिअरचा दांडा खाली नसून स्टिअरिंगच्या बाजूलाच होता. त्यामुळं पुढं तिघं बसायची आणि मांडीवर पोरं. खिडक्यांना काकींनी शिवलेले छोटे पडदे. वर कॅरिअर, त्यावर वळकट्या आणि पाण्याचा पिंप. जेजुरीला एकदा अकरा जण गेल्याचं काकी सांगतात. थंडीत सकाळी चोक ओढायचा आणि तरीही सुरू झाली नाही, तर गल्लीतली पोरं ढकलायला तयारच. ढकलल्याचं बक्षीस म्हणून वेशीपर्यंत चक्कर. आमच्यातल्या दोघी-तिघींनी लहानपणी मोटारीत पहिलं पाऊल ठेवलं ते त्या वेशीपर्यंतच्या चकरेतच.

गावाला या गाडीचा आधार होता. नवरा-नवरीची वरात तिच्यातून निघायची. लेकीला पहिल्या बाळंतपणाला आणायचं तर तीच जायची. 1983 च्या वैशाखातली गोष्ट. गावातली एक बाई अडली. सुईणीनं हात टेकले. एसटीला वेळ होता. मालकांनी गाडी काढली आणि काकी सोबत निघाल्या. साताऱ्याच्या वाटेवर पुसेगावच्या पुढं वर्धनगडचा घाट लागतो. भर दुपार, गाडीत माणसं ठासलेली. घाटात गाडी आचके देऊन बंद पडली.

या गाड्यांची ही जुनी खोड होती. इंजिन फार तापलं, की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पेट्रोल पुढं कार्बोरेटरपर्यंत पोचायचंच नाही. मालक घामाघूम होऊन स्टार्टर मारत राहिले. काकी खाली उतरल्या. बॉनेट उघडलं, जुन्या लुगड्याचं फडकं पिण्याच्या पाण्यात भिजवलं आणि पेट्रोलच्या पंपाभोवती गुंडाळलं. "आता जरा दम धरा," म्हणाल्या. थोड्या वेळानं पंप निवला, गाडी सुरू झाली. साताऱ्यात पोचल्यावर बाई सुखरूप मोकळी झाली. त्या वेळी जन्मलेली मुलगी आज आमच्या गटाची सभासद आहे. बैठकीत ती काकींच्या शेजारीच बसली होती. आपल्या जन्माची ही अर्धी गोष्ट तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

आम्ही काकींना विचारलं, "तुम्हाला गाडीचं एवढं कळत होतं, मग चालवायला का नाही शिकलात?" काकी म्हणाल्या, "एकदा इचारलं हुतं. समदी हसली. पुन्हा इचारलं न्हाई." प्लग काढून पुसायचा कसा, रेडिएटरमध्ये पाणी कधी घालायचं, पॉइंटला पॉलिश पेपर कसा मारायचा, हे सगळं त्यांना शेजारी बसून बसून येत होतं. स्टिअरिंग तेवढं हाती आलं नाही.

या ठिकाणी आम्हाला आणखी एका फियाटची आठवण झाली. ती दिल्लीतली, पण सांगण्यासारखी. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना 1964 साली त्यांच्या घरी फियाट घ्यायचं ठरलं. किंमत बारा हजार आणि घरात शिल्लक सात हजार. उरलेल्या पाच हजारांसाठी पंतप्रधानांनी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज घेतलं. जानेवारी 1966 मध्ये ताश्कंदला शास्त्रीजींचं निधन झालं. कर्ज तसंच राहिलं होतं. ते फेडलं त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी, आपल्या पेन्शनमधून. ती गाडी आज दिल्लीत शास्त्रीजींच्या स्मारकात ठेवली आहे. लोक ती 'शास्त्रीजींची गाडी' म्हणून बघतात, आणि ते खरंच आहे. पण हप्ता म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून आपण तिला ललिताबाईंचीही गाडी म्हणू.

पुढं काळ बदलला. 1983 च्या डिसेंबरात मारुती आली. हलकी, पेट्रोल कमी खाणारी, घाटात न रुसणारी. फियाट हळूहळू मागं पडली. मुंबईत ती काळी-पिवळी टॅक्सी म्हणून बरीच वर्षं टिकली. कुर्ल्यातलं तिचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीला थांबलं आणि ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. काकींची गाडी त्याच्या कितीतरी आधी शेडमध्ये गेली होती. मालक थकले, मग गेले. मुलानं स्वतःची नवी गाडी घेतली. फियाटवर कोंबड्या बसू लागल्या.

तर प्रश्न राहिला तो काकींचाच, ही गाडी कुणाची? आम्ही गाडीचं पुस्तक मागवलं. ट्रंकेत, पाटल्यांच्या रिकाम्या डबीशेजारी ते निघालं. नाव अजून मालकांचंच. माणूस जाऊन नऊ वर्षं झाली, तरी कुणी बदललं नव्हतं. आम्ही मुलाला फोन लावला आणि पाटल्यांची गोष्ट सांगितली. त्याला ती माहीतच नव्हती. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आईच्या नावावर करा. मी संमती देतो. भंगारवाल्याला नाही म्हणून सांगतो."

मैत्रिणींनो, आता थोडी कामाची माहिती. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला आरटीओकडं नमुना 31 भरावा लागतो. गाडीचं पुस्तक, मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद लागतात. हे काम तीन महिन्यांच्या आत करायचं असतं. उशीर झाला असेल, तर कर आणि दंड किती, ते आधी विचारून घ्या. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल, तर 2021 च्या नियमानुसार तिची 'विंटेज' म्हणून वेगळी नोंद करता येते. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. तेव्हा जुनी गाडी वजनावर देण्याआधी चौकशी करा.

आणि ही गोष्ट मोटारीपुरती धरू नका. आज आपल्या गटाच्या कर्जातून दुचाकी येते, गाय येते, पिठाची गिरणी येते. हप्ता आपण भरतो. कागदावर नाव कुणाचं आहे, ते आज घरी गेल्यावर बघा. भांडायचं नाही, नुसतं बघायचं. आमच्या गटात आम्ही सगळ्यांनी बघितलं. अठरा जणींपैकी पाच जणींचं नाव निघालं. पुढच्या बैठकीत उरलेल्या तेरा जणींसाठी काय करायचं, यावर आम्ही बसणार आहोत.

काकींचा अर्ज आम्ही साताऱ्याला दिला आहे. दोन खेपा झाल्या, तिसरी बाकी आहे. रविवारी आम्ही सगळ्यांनी मिळून गाडी धुतली. कोंबड्यांसाठी वेगळी जागा केली. इंजिन चालू होईल का, ते तालुक्याचे जुने मेकॅनिक येऊन बघणार आहेत. काकी मात्र दार उघडून आत जाऊन बसल्या. नेहमीच्या जागेवर, डावीकडं. कुणीतरी म्हणालं, "काकी, तिकडं सरका." त्या क्षणभर थांबल्या. मग त्या अखंड सीटवरून पदर सावरत हळूहळू उजवीकडं सरकल्या आणि त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

सत्तेचाळीस वर्षांनी.